वांग्याला बाही कशी कळली?

भूपालराजे उठले ते हात खाजवतच. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी! मानेवर आणखी तीन, एका ओळीत. राजवैद्यांनी नाडी धरली. "रात्रीचं वांग्याचं भरीत, दुसरं काय! विषच म्हणायचं."

झालं! आचारी गणोबाला दरबारातच खोड्यात अडकवलं. त्याची लेक आवडी धावत आली. राजे महाहट्टी. "दिवस मावळायच्या आत दुसरा गुन्हेगार आण, नाहीतर तुझा बाप हद्दपार!"

"मावळेपर्यंत कशाला थांबायचं, महाराज? जरा बाही वर करा. रात्री निजताना हीच बंडी होती ना?"

"हीच."

राजांनी बाही वर केली. खाली कातडी स्वच्छ!

"पित्त उठलं की पाठ-पोट काही सोडत नाही, आणि घटकाभरात इथलं तिथं सरकतं. या गांधी सकाळपासून जागच्या हलल्या नाहीत. शिवाय वांगं गेलं पोटात. बाही कुठे संपते, हे त्याला कोणी सांगितलं?"

वैद्यबुवांना अचानक खोकला आला.

"उघड्या अंगावरच, तेही तीन-तीन रांगेत. महाराज, हे ढेकूण! पलंगाच्या सांध्यांत बघा."

"साफ खोटं!" राजे गरजले. "राणीसाहेबही तिथेच निजतात. त्यांच्या अंगावर एक गांध नाही!"

"चावतात दोघांनाही. उठतं एखाद्याच्याच अंगावर."

हुजऱ्यांनी पलंग आणून त्याचा एक पाय उपसला. सांध्यात काळे ठिपके, आणि ढेकणांचं अख्खं गोकुळ!

दरबारी आपापल्या पायांकडे बघू लागले. कारण पलंग राणीसाहेबांच्या माहेरचा. अकरा वर्षं त्याला उन्हात टाकायची कोणाची छाती झाली नव्हती. वैद्यबुवांनाही सगळं ठाऊक होतं, पण वांग्याला माहेर नसतं.

राणीसाहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आमच्या माहेरानं ढेकूण दिले म्हणतेस?"

बाप सुटता सुटता लेक अडकली!

आवडीनं हात जोडले. "छे, राणीसाहेब! माहेरचा तो नुसता पलंग. ढेकूण अकरा वर्षं महाराजांच्या रक्तावर पोसलेत. ते आता याच राजघराण्यातले!"

राजे पोट धरधरून हसले, मधेमधे खाजवत. राणीसाहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं. गणोबा सुटला, पलंग चौकातल्या उन्हात गेला, आणि राजघराण्यातल्या त्या मंडळींवर गणोबानं स्वतःच्या हातानं उकळतं पाणी ओतलं.