उष्ट्या कपांचं तळं

टेकडीच्या माथ्यावर नऊ मजल्यांची काचेची कचेरी होती. सकाळी ती गुलाबी दिसायची, दुपारी चांदीसारखी लखलखायची आणि संध्याकाळी तिच्या खिडक्याखिडक्यांत केशर सांडायचं. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची एक झोपडी होती. ती सदासर्वकाळ पत्र्याच्याच रंगाची दिसायची.

झोपडीत नऊ वर्षांची कुंदा राहायची, तिची आई सारजा आणि दोन वर्षांची इवलीशी बहीण छबी. सारजा कचेरीत झाडलोट करायची. नऊ मजल्यांवरचे चहाचे कागदी कप आणि अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या ती काळ्या पिशव्यांत भरायची. कचऱ्याची गाडी आली नाही की मुकादम म्हणायचा, "लोट मागच्या बागेत. कोण बघतंय?" बागेत एक तळं होतं. पिशव्या घरंगळत तिथेच जायच्या.

पूर्वी कचेरीत स्टीलचे पेले होते आणि ते विसळायला दोन बायका होत्या. मग इनामदारसाहेब आले. ते म्हणाले, "एकाचं उष्टं दुसऱ्यानं का तोंडाला लावायचं? आणि धूत तरी कशाला बसायचं?" पेले गेले, बायकाही गेल्या. खोकी भरभरून कागदी कप आले.

सारजा कधीकधी त्यातले बरे दिसणारे कप घरी आणायची. कुंदाला भातुकलीला खेळणी नव्हती ना. कुंदानं झोपडीमागे बावीस कप मांडले होते. एकात मातीचा भात, एकात पाल्याची भाजी, बाकीच्यांत पाण्याची आमटी. "जेवायला या हो छबीताई," म्हणत ती बहिणीला वाढायची. मग शाळा सुरू झाली आणि आमटी तशीच राहिली. तिच्यात बारीक बारीक काहीतरी वळवळू लागलं.

आणि छबीला ताप आला. पहिल्या दिवशी ती रडली. चौथ्या दिवशी ती रडेनाशी झाली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "डासांचा ताप आहे हा. घराजवळ पाणी साठलंय का कुठे?"

"नाही बाई," सारजा म्हणाली. तिला कपडे धुवायची बादली आठवली, पिंप आठवलं. भातुकली कुणालाच आठवली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी कुंदा कचेरीच्या बागेत गवती चहा खुडायला गेली. छबीच्या कपाळावरची आग अजून तिच्या तळव्यात होती. तळ्याचं पाणी दिसतच नव्हतं. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत कपच कप आणि त्यांच्या मधोमध एक मिटलेली कमळाची कळी. कळीच्या देठाशी काहीतरी मोरपंखी चमकत होतं.

"हळू ये गं सोनुले," ते चमकणारं म्हणालं. "माझे पंख चिकटलेत."

ती परी होती, करंगळीएवढी. तिच्या चिमुकल्या पंखांवर साखरेच्या चहाचा राप चढला होता. दोन कप तिच्या पंखांवर चिकटून बसले होते.

कुंदानं ओढून पाहिलं. कप हलले नाहीत.

"हातानं नाही निघायचे," परी म्हणाली. "मी या तळ्याची परी. तीन इच्छा देते, पण माझ्या इच्छा कपांवरच चालतात. ज्याचं उष्टं, त्यानं 'माझं' म्हणायचं. म्हटलं की कप उडतो."

"मला कप नको उडायला. माझी छबी बरी व्हायला हवी."

"त्या कळीत दवाचा एक थेंब आहे. तो कुठलाही ताप उतरवतो. पण तळं मोकळं झाल्याशिवाय कळी उमलत नाही."

कुंदानं विचारच केला नाही. "माझे. सगळे कप माझे. उडू देत."

तळं थरथरलं. कप उडाले नाहीत, उलटे खाली दबले. परीचा एक पंख टर्रकन फाटला.

"दुसऱ्याचा दोष आपल्या डोक्यावर घेतलास, राणी," परी कण्हत म्हणाली. "गरिबाची पोरं असंच करतात. इच्छा वाया गेली. तुझा असा एकही कप नाही का?"

"मी चहा पीतच नाही," कुंदा म्हणाली. आणि मग तिला भातुकली आठवली. "घरामागे बावीस आहेत. उष्टे लोकांचे, पण पाणी मी भरलं. ते माझे."

टेकडीच्या पायथ्याकडून बावीस पांढरीशुभ्र फुलपाखरं भिरभिरत वर आली आणि निळ्या आभाळात विरली. परीच्या पंखावरचा एक कप गळून पडला.

कुंदा हसली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे छबीला ताप माझ्यामुळे आला?"

परीनं खोटं सांगितलं नाही. "थोडा तुझ्यामुळे."

"आणि उरलेला?"

परीनं नऊ मजल्यांकडे पाहिलं.

कुंदानं डोळे पुसले. "मग ज्याचा कप त्याच्याकडे जाऊ दे. ज्याचं जेवढं ओझं तेवढ्यासकट."

दुपारच्या चहाची वेळ होती. नवव्या मजल्यावर सारजा फरशी पुसत होती. अचानक खिडक्यांतून ओले, चिखलाचे कप आत येऊ लागले आणि टेबलाटेबलांवर शिस्तीत बसू लागले.

"अहो, हा माझा नाही," कुलकर्णी हिशेबनीस म्हणाले. "मी बिनसाखरेचा घेतो."

अनघानं कप हुंगला. ती कामाला नवीनच लागली होती. "बिनसाखरेचाच आहे, काका."

"असेल. एका कपानं काय होतंय?"

"एक नाहीत ते. तुमच्या खुर्चीमागे बघा."

खुर्चीमागे चारशे होते. अनघाच्या टेबलावर साठ होते, शिवाय अकरा बाटल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. कोपऱ्यातली सारजा बघत होती, हेही तिला दिसलं. "माझे," ती म्हणाली. साठ फुलपाखरं आणि अकरा काचेचे चतुर खिडकीबाहेर गेले. मग आणखी कुणीतरी म्हणालं, आणखी कुणीतरी. कुलकर्णी मात्र पाठ फिरवून वहीत आकडे मांडू लागले.

इनामदारसाहेब केबिनमधून बाहेर आले. "हा काय पोरखेळ आहे? मी कागदी कपाला हातसुद्धा लावत नाही. माझी कपबशी घरची आहे."

तेवढ्यात त्यांच्या टेबलावर एक कप येऊन बसला. टेबलाची काच तडकली. दुसरा आला आणि टेबलाचा पाय मोडला. पिणाऱ्यांचे कप पिसाएवढे हलके होते. साहेबांचे पाट्या-वरवंट्याएवढे जड. ते येतच राहिले. फरशी करकरू लागली.

"सारजाबाई, उचला हे," साहेब म्हणाले.

सारजानं फडकं खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. "मी रोजच उचलते, साहेब. पण घरात माझी छबी सहा दिवस तापात आहे, आता डोळे उघडत नाही. आज तुम्ही उचला."

साहेबांनी कप उचलायला हात घातला. तो हलला नाही. फरशीला भेग पडली, तेव्हा कुठे ते पुटपुटले, "पेले मी काढले. हे मी मागवले. माझेच आहेत."

खाली तळ्यावर निळं पाणी उघडं पडलं. सगळं नाही, 'माझे' म्हटलेल्या कपांपुरतं, निम्म्याहून थोडं जास्त. कळी उमलायला आणि परीच्या पंखावरचा दुसरा कप गळायला तेवढं पुरलं. परीनं फाटक्या पंखानं दवाचा थेंब कुंदाच्या ओंजळीत सोडला.

"तुझा पंख?" कुंदानं विचारलं.

"पुरेल तेवढा आहे. धाव आता, चिमणे." परी वर उठली. मोरपंखी, सोनेरी, मग नुसतीच लख्ख झाली, आणि तळ्यावरच्या उन्हात कुठलं ऊन आणि कुठली परी ते कळेनासं झालं.

कचेरीत पेले परत आले, विसळणाऱ्या बायकाही आल्या. हळूहळू बाकीच्यांनीही 'माझे' म्हटलं. कुलकर्ण्यांच्या खुर्चीमागे मात्र चारशे कप अजून आहेत. कुणीही नेले तरी सकाळी परत येऊन बसतात, आणि तळ्याचा तेवढा कोपरा अजून काळा आहे.

त्या दुपारी कुंदानं छबीच्या ओठांवर दव टेकवलं. कपाळ हळूहळू गार झालं. छबीनं डोळे उघडले, पाणी मागितलं. कुंदानं स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. छबीनं ते घटाघट प्यायलं आणि कुंदा पेला घ्यायला लागली, तसा तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"माजा," छबी म्हणाली.