बिनभोकाची कुंडी

सहावं झाडही मेलं, तेव्हा चिंचगडच्या भैरवसिंह महाराजांनी म्हादबा माळ्याला दरबारात उभं केलं.

झाड म्हणजे वीतभर उंचीचं. एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने अशी सात बुटकी झाडं महाराजांना नजर केली होती. वड, पिंपळ, चिंच, सगळी तळहातावर मावतील एवढी! दिवाण त्र्यंबकपंतांनी लगोलग सात चांदीच्या कुंड्या घडवून घेतल्या. जाड पत्रा, कडेला मोरांची नक्षी, आणि तळाला भोक म्हणून नाही. घातलेलं पाणी आतच साठायचं, मुळं कुजायची, पानं काळी पडायची, आणि शिव्या खायच्या म्हादबाने!

"सरकार, कुंडीला तळाशी एक भोक पाडलं तर..." म्हादबा चाचरत म्हणाला.

"भोक?" महाराज कडाडले. "माझ्या वाड्यात भोकाचं भांडं? ते भिकाऱ्याला शोभतं! सातवं झाड महिनाभरात टवटवीत दिसलं पाहिजे. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो!"

"कुंडीला भोक नको आणि मुळाशी पाणीही नको," पंतांनी री ओढली. "दुसरी कुंडी आणायची तर आण. पण खजिन्यातून छदाम मिळायचा नाही. तो सगळा चांदीत गेला."

म्हादबाच्या मागे त्याची मुलगी सारजा फुलांची परडी घेऊन उभी होती. तिने पुढे होऊन दरबारात आणून ठेवलेल्या सातव्या कुंडीचा वास घेतला. चांदीचं डबकं! बेडूक पाळले असते तर त्यांनी बाळसं धरलं असतं, झाड कसलं जगतंय! आणि हे दोघे शहाणे राज्य चालवतात!

बापाला राज्याबाहेर काढलेलं मात्र तिला बघवणार नव्हतं.

"सरकार, झाड मी जगवते," ती म्हणाली. "पण उद्याचा एक दिवस वाड्यात कुठेही भोक राहता कामा नये. दिसेल ते बुजवायची मुभा मला द्या."

"माझा वाडा काय फुटका आहे?" महाराज छद्मी हसले. "सापडलं तर खुशाल बुजव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज न्हाणीघरात शिरले. त्यांचं स्नान चाळीस घागरींचं. दहाव्या घागरीला पाणी घोट्यापर्यंत आलं. पंधराव्या घागरीला बसायचा पाट तरंगायला लागला, तसे महाराज उठून उभे राहिले. विसाव्या घागरीला अंगाचं तेल, शिकेकाईचा फेस आणि गळालेले केस त्यांच्या गुडघ्यांभोवती गोल फिरू लागले.

"कोण आहे रे तिकडे? मोरी तुंबली!"

पंत धावत आत शिरले आणि उंबऱ्यावरून घसरून थेट पाण्यात बसले. त्यांची पगडी महाराजांच्या पुढ्यातून डुलत निघून गेली.

बाहेर मोरीच्या तोंडाशी सारजा बसली होती. मोरीत चिंध्या, चिंध्यांवर चिखल आणि चिखलावर भलाथोरला दगड.

"तुंबली नाही, सरकार. बुजवलीय!" ती ओरडली. "मोरी म्हणजे भिंतीला पडलेलं भोकच की!"

"मग उघड ती आधी!"

"भोकाचा वाडा? तो भिकाऱ्याला शोभतो, सरकार!"

"अगं, पाय गारठले माझे! या घाण पाण्यात किती वेळ उभा राहू?"

"तुम्ही घटकाभर उभे आहात. तुमची झाडं महिना महिना उभी होती. आणि त्यांना बिचाऱ्यांना 'मोरी उघडा' म्हणून ओरडताही येत नव्हतं!"

महाराजांनी पाण्यातून एक पाय वर काढून बघितला. बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"पाड बाई," ते हळूच म्हणाले. "कुंडीला हवं तेवढं भोक पाड. पण आधी मोरी उघड!"

चांदीचा जाड पत्रा टोचत बसण्यापेक्षा मातीचं भांडं बरं, म्हणून त्याच दिवशी सारजा कुंभारवाड्यात गेली. कडेला जरा वाकडा झाल्यामुळे कुंभाराने बाजूला टाकलेला मातीचा एक पसरट परळ तिने टोपलीभर झेंडूच्या बदल्यात उचलला. खिळ्याने हलके हलके टोचून तळाला बोटभर भोक पाडलं, माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापराचा तुकडा ठेवला. त्यावर खडे, मग जाड वाळू, मग पालापाचोळ्याची भुसभुशीत माती. सातवं झाड होतं वडाचं; त्याची कुजकी मुळं छाटून तिने ते त्यात बसवलं. पाणी घातलं की वरून आत आणि खालून बाहेर!

महिन्याने वडाला लालसर कोवळी पानं फुटली. सारजाने झाड दरबारात आणून ठेवलं.

"शी! दरबारात मातीचं वाकडं खापर?" पंतांनी नाक मुरडलं.

"ज्यांना झाड बघायचंय त्यांनी हे बघावं, पंत," सारजा म्हणाली. "ज्यांना भांडीच बघायचीत त्यांच्यासाठी त्या सात रिकाम्या कुंड्या आहेतच!"

महाराज इतके खदखदून हसले की त्यांना ठसकाच लागला. "दहा बिघे जमीन तुझी! कुठली हवी ते सांग!"

"तळ्याकाठची सपाट देऊ," पंत घाईघाईने म्हणाले.

"ती पंतांना राहू द्या, सरकार," सारजा हात जोडून म्हणाली. "मला उताराची द्या, तिथे पाणी तुंबत नाही!"

महाराज पुन्हा हसत सुटले. उताराची दहा बिघे जमीन तर त्यांनी दिलीच, वर राजबागेच्या किल्ल्याही सारजाच्या परडीत टाकल्या.