बंद खिडकीची रांग

आगारात बायकांना बस चालवायला शिकवणार अशी पाटी लागली, आणि अर्ज आला तो एकट्या सुगंधा घोलपचा. आगारप्रमुख इंगवले साहेबांनी लगेच हात झटकले. "बायकांनाच नको आहे हे. वर्ग रद्द!"

"मला एकटीला शिकवा साहेब. मी गाडीवर दिसले की बाकीच्या येतील."

"एकीला बघून दुसरी यायला माणसं काय मेंढरं आहेत? संध्याकाळी पाटी काढतो."

सुगंधाचा पाय एका जागी ठरेना. बाहेर बाजारचा दिवस, सगळा स्टँड माणसांनी गजबजलेला. ती तरातरा गेली आणि कोपऱ्यातल्या, कैक वर्षं न उघडलेल्या तिकिटाच्या खिडकीपुढं पिशवी छातीशी धरून उभी राहिली. मागं एक फेटेवाले आजोबा येऊन थांबले. त्यांच्यामागं दोन बाया. बघता बघता रांग पाणपोईपर्यंत गेली आणि ढकलाढकली सुरू झाली.

गलका ऐकून इंगवले साहेब धावत आले आणि टाचा उंचावून विचारू लागले, "काय मिळतंय इथं?"

"काही नाही साहेब, खिडकी बंद आहे," सुगंधा म्हणाली. "मी एकटी उभी दिसले म्हणून एवढी माणसं आली. तुम्हीसुद्धा आलात. मग मी गाडी शिकताना दिसले तर बाया येणार नाहीत?"

रांगेत हशा पिकला. साहेब लालबुंद झाले. "चला, पांगा सगळे!"

माणसं पांगली. त्या दोघी बाया मात्र जागच्या हलेनात. त्यातली एक म्हणाली, "गाडी शिकवायची रांग हीच ना? मग आम्ही कशाला जाऊ?"