भरतीपासून राखलेलं चित्र

फार मागे, एका निर्जन किनाऱ्यावर एक म्हातारी चिंबोरी नांगीच्या टोकानं ओल्या वाळूत चित्रं काढायची. सकाळी काढलेलं चित्र दुपारची भरती पुसून न्यायची. एकदा तिनं राजा गरुड काढला. कासवांच्या अंड्यांवर राखणीला बसलेला, आणि चोचीत अंडं.

गरुडानं फिर्याद केली. न्यायाधीश बगळा म्हणाला, "चित्र हा पुरावा आहे. तो पुसता कामा नये." आरोपीनं त्यात फेरफार करू नये म्हणून निकालाआधीच तिच्या नांग्या मोडल्या.

चित्राभोवती दगडांचा बांध घालायला कासवांच्या आयांना जुंपलं. अंडी पुरून मागं न बघता समुद्रात परतायची त्यांची रीत. दगड रचता रचता त्यांनी पहिल्यांदाच ते चित्र नीट पाहिलं.

कोरड्या खड्ड्यात डांबलेली, सुकत चाललेली चिंबोरी बगळ्याला म्हणाली, "महाराज, भरतीनं ते त्याच दिवशी पुसलं असतं."

चिंबोरी निकालाआधीच मेली. राजाचा खटला बंद करायची बगळ्याची छाती झाली नाही, म्हणून बांध तसाच राहिला.

पुढच्या वर्षी त्या किनाऱ्यावर एकही कासव अंडी घालायला आलं नाही. उपाशी गरुड रिकाम्या वाळूची राखण करत, रोज आपल्याच चित्रासमोर बसू लागला.