आजी कुणाची?

फार जुनी गोष्ट बरं का, इतकी जुनी की त्या गावाचं नावसुद्धा विटून गेलंय. तिथं एक रंगारी होता. त्याच्या घरी निळीचा एक रांजण होता. त्यात बुडवलेलं फडकं धुऊन धुऊन फाटेल, पण फिकं पडायचं नाही!

मरताना रंगारी एवढंच म्हणाला, "आजी चिमीची." जवळ दोघंच होती, धाकटा भाऊ आणि चिमुरडी लेक चिमी.

हा काका भारी बेरकी. त्यानं आपल्या म्हाताऱ्या आईचं, म्हणजे चिमीच्या आजीचं, बोचकं बांधलं नि तिचा हात चिमीच्या हातात दिला. "ऐकलंस ना? आजी तुझी. घर नि रांजण माझा." दोघींची रवानगी गावाबाहेरच्या खोपटात झाली. म्हातारीला वाटलं, थोरल्याचीच तशी इच्छा असेल.

चिमी लोकांची धुणी धुऊन आजीला सांभाळत मोठी झाली. हात मात्र रंगासाठी शिवशिवायचे. आणि डोक्यात एक किडा वळवळायचा. गाय वाटून देतात, भांडी वाटून देतात. माणूस कोण वाटून देतं? आजी दुखावेल म्हणून ती गप्प राहायची. शेवटी एकदा राहवलं नाही, बापाचे शेवटचे शब्द सांगून विचारलंच.

म्हातारी आधी खो खो हसली, मग एकदम रडायलाच लागली. "अगं वेडे! रोज गूळ-चुना भरवावा लागतो, थंडीत पांघरूण घालावं लागतं, म्हणून आपल्या घरात रांजणालाच आजी म्हणतात. तो तुझा होता गं!"

आजीला घेऊन चिमी तडक काकाच्या दारात. "काका, माझी आजी द्या."

"दिली की तेव्हाच! मी खोटं काय बोललो?" काका हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. हावेपोटी त्यानं रांजणात घागरीवर घागरी पाणी ओतलं होतं. रंग पहिल्याच धुण्यात उतरायचा, गिऱ्हाईक शिव्या घालायचं. आता तर रांजणाला कुबट वास सुटला होता.

काकानं म्हातारीचे पाय धरले. "आई, ह्याला कधी, किती भरवायचं तेवढं सांग. हा मेला तर मी उपाशी मरेन."

म्हातारीनं पदर सावरला. "मला काय विचारतोस बाबा? मी चिमीच्या वाटणीची. तिला विचार."

काकाची मान खाली गेली. त्यानं घराची किल्ली चिमीच्या हातात ठेवली. आजीच्या देखरेखीखाली रांजणात पुन्हा जीव आला, वर निळा फेस धरला. काका आता तिथंच रंग ढवळतो, आणि चिमी त्याला पोटभर जेवू घालते.

तर मंडळी, शब्द फिरवून वाटा लाटता येतो, पण वारसा जगतो तो सांभाळणाऱ्याच्याच हाती.