कात्रीची आंघोळ

फार मागची गोष्ट, आमराईत अवजारंही बोलायची तेव्हाची. छाटणीच्या कात्रीला धार अशी की विचारू नका, आणि तोरा त्याहून जास्त! रोगट हापूसची काळ्या डागांची फांदी तिने कचकन उतरवली आणि तशीच ती पायरीच्या झाडाकडे निघाली.

“थांब गं बये, आधी औषधाच्या बादलीत आंघोळ कर!” पायरी ओरडली. “मागल्या वर्षी अशीच आलीस आणि माझी सगळी फळं गळाली.”

“अहो मावशी, मी तर रोग कापते!”

“कापतेस, आणि पात्याला लावून दारोदार वाटतेस!”

कात्री वरमली. तिने बादलीत बुडी मारली, आणि पुढे प्रत्येक झाडाआधी मारू लागली.

उन्हाळ्यात पायरी फळांनी वाकली. “ये, पहिला आंबा तूच उतरव,” ती हसून म्हणाली.

“थांबा मावशी,” म्हणत कात्री बादलीकडे पळाली, “माझी आंघोळ व्हायचीय!”