वेणूनं तोंड का झाकलं

“आत्मा मरत नाही, हे पाच वर्षांच्या पोरीला कसं सांगावं, बाबा?”

दासोबाबा मठाच्या ओसरीवर पावटे सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कुणाच्या पोरीला?”

“माझ्याच.”

रंगनाथबुवांचा आवाज पार बसला होता. हे बुवा म्हणजे काही साधी असामी नव्हे. पंचक्रोशीत कुणाचाही दहावा असो, घाटावर प्रवचनाला बुवाच हवेत. मरण असं समजावून सांगायचे, की छाती पिटणारी बाईसुद्धा पदर सावरून ऐकत बसायची. शिकले ते दासोबाबांच्या मठातच. पण नाव झालं आणि मठाची पायरी चढायला त्यांना सवड मिळेना. आज आले ते कुणी न बोलावता, आणि पोरीला बरोबर घेऊन.

“काय झालं?”

“माझी आजी गेली. वेणूची पणजी, घरातली थोरली आई. पिकलं पान, गळालं, त्याचं काही नाही... पण दहाव्यापासून ही पोर ओढणीनं तोंड झाकून बसते. कुणालाच दाखवत नाही. जेवते तीसुद्धा ओढणीच्या आत. माझी आई जवळ गेली की किंचाळत पळते. जिच्या हातचाच घास हिला लागायचा, त्या आजीला बघून पळते हो! आईनं अन्न टाकलंय. सारखी विचारते, माझं काय चुकलं?... डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. मला तर काही सुधरेना झालंय, बाबा. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला तर...”

“तू काय सांगितलंस तिला?”

“सगळं सांगितलं. थोरली आई देवाघरी गेली, तारा झाली, शरीर जातं, आत्मा राहतो...”

“आणि तिनं काय विचारलं होतं?”



“...विचारलं काहीच नव्हतं.”

“बरं आहे तुझं. प्रश्नाआधीच उत्तर तयार!”

वेणू ओसरीच्या पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईची निळी ओढणी डोक्यावरून खाली ओढून तिनं हनुवटीशी मुठीत आवळून धरली होती.

“पोरी, पावटे सोलायला येतेस?” बाबांनी हाक मारली.

“नाही. तुम्ही बघाल.”

“नाही बघत. हे मिटले डोळे.”

“खोटं!”

“खोटं असेल तर दाढी जळो माझी.”

वेणूनं फटीतून पाहिलं. बाबांचे डोळे खरंच मिटलेले होते. बोटं शेंगा चाचपत होती आणि निम्मे दाणे टोपलीबाहेर पडत होते. ते काही तिला बघवेना. सरकत सरकत ती जवळ आली आणि एका हातानं सांडलेले दाणे वेचायला लागली.

“तोंड बघितलं तर काय होतं गं?”

पोरीनं हातातले दाणे टोपलीत टाकले.

“माणूस मरतं.”



“असं कोण म्हणालं?” बाबांनी विचारलं.

“अण्णा. माइकवर.”

अरे देवा! पोर अण्णा म्हणते ते बुवांनाच. आजीच्या दहाव्याला घाट माणसांनी भरला होता आणि बुवा अगदी रंगात आले होते. ‘पणतीचं तोंड पाहिलं, अंगावर सोन्याची फुलं उधळून घेतली, आणि म्हातारी सोन्याच्या पायरीनं स्वर्गाला गेली!’ आता पणतवंड पाहून गेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणायची रीत आहे, बुवांनी पदरचं काय घातलं होतं? लोकांनी डोळे पुसले होते, माना डोलावल्या होत्या. वेणू अगदी पुढ्यात बसली होती.

“अगं बाळा, त्याचा अर्थ तसा नाही, शास्त्रात काय म्हटलंय...”

“रंगा, माइक बंद कर,” बाबा म्हणाले.

मग डोळे मिटूनच त्यांनी वेणूला विचारलं, “थोरली आई कशी होती गं?”

“तिला दात नव्हते. उठता पण यायचं नाही. मी शाळेतून आले की म्हणायची, ये गं, तोंड बघू दे.”

“मग?”

“मग मी दाखवायचे. रोज...” ओढणीच्या आतून हुंदका आला. “मी दाखवलं नसतं तर ती असती.”

बुवांना ते ऐकवेना. एवढंसं पोर, आणि महिनाभर हे एकटीनं उरावर घेऊन बसलं होतं. आणि आपण तिला तारे दाखवत होतो.

“हं, रंगा. आता बोल.”

बुवांनी तोंड उघडलं. गावोगावच्या घाटांवर घडाघडा बोलणारी जीभ अडखळत चालली.

“बाळा... थोरली आई फार म्हातारी झाली होती. तिचं शरीर थकलं, चालेना. म्हणून ती... मेली. तुझ्यामुळं नाही. तुझ्यामुळं ती हसायची.”

“परत कधी येईल?”

“नाही येणार.”

एवढं बोलले आणि बुवांचा बांध फुटला. ज्या आजीनं त्यांना लहानाचं मोठं केलं, तिच्यासाठी ते आजवर रडलेच नव्हते. लोकांना समजावण्यातच सगळे दिवस गेले होते.

वेणू बापाचं रडणं ओढणीआडून बघत राहिली. मग बाबांकडे वळली. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“आजोबा, तुम्ही पण मराल?”

बुवांना वाटलं, बाबांनी ‘नाही’ म्हणावं. खोटं तर खोटं, पण आत्ता तेवढं ‘नाही’ म्हणावं.

“मरणार की.”

“...मी तोंड दाखवलं तर?”

“तरी मरणार.”

“आणि नाही दाखवलं तर?”

ओढणी धरलेली मूठ आणखीच घट्ट झाली होती. तिच्याकडे बघत बुवा मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

“नाही दाखवलंस तरी मरणारच गं पोरी. मग आहे तोवर बघू दे की.”